अलिबाग बघायचंय? मग रूमच्या आधी तिथी बघा

अलिबागला जायचं ठरलं की लोक आधी रूम बघतात, मग बोटीची तिकिटं, आणि तिथे पोचल्यावर किनाऱ्यावर उभं राहून समोर समुद्रातला किल्ला दिसला की कोणालातरी विचारतात, दादा आत्ता चालत जाता येईल का हो. दादा म्हणतो पाणी भरलंय, संध्याकाळी सुकेल. आणि संध्याकाळी यांची परतीची बोट असते. मी स्वतः पहिल्या दोन खेपा असाच किल्ल्याकडे बघत भेळ खाऊन परत आलोय, म्हणून हे सगळं लिहितोय. अलिबागचं वेळापत्रक हॉटेलवाला ठरवत नाही, समुद्र ठरवतो, आणि ते कळायला अॅप वगैरे काही लागत नाही, घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

कोळी लोकांचा जुना हिशोब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनच्या आसपास भरती आणि मध्यरात्रीनंतर तीनच्या आसपास परत भरती. त्याच्या सहा तास अलीकडे किंवा पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला पाणी पार आत गेलेलं. शुद्ध असो की वद्य, फरक पडत नाही. हे असं का जमतं तर भरती रोज साधारण पाऊण तास, जरा जास्तच, उशिरा येते, चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो म्हणून. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण सहलीच्या प्लॅनला हे भरपूर झालं. अगदी मिनिटाचा हिशोब पाहिजे तर भरतीचे तक्ते ऑनलाइन मिळतात, ते बघून खात्री करून घ्या.

आता यात एक गोम आहे जी मलाही उशिरा कळली. अष्टमीला हिशोब केला तर भरती सहाला आणि ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, वाटतं वा, आरामात नाश्ता करून जाऊ. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती पण अर्धवट आणि ओहोटी पण अर्धवट, पाणी हवं तेवढं मागे हटतच नाही, आणि तुम्ही भर उन्हात मांडीभर पाण्यात उभे. उधाण असतं अमावस्या पौर्णिमेला, तेव्हा पाणी जोरात चढतं आणि तेवढंच लांब आत जातं, पण तेव्हा ओहोटी येते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणून सगळ्यात सोयीचे दिवस कुठले तर द्वितीयेपासून पंचमीपर्यंत. उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या मध्ये कुठेतरी येते. या दिवसांत शनिवार-रविवार कधी पडतोय ते शोधा आणि मग रूम बुक करा. एकदा उलटं करून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

आता जायचं कसं. मुंबईहून सगळ्यात मजेशीर रस्ता पाण्यातलाच. गेटवेहून मांडव्याला बोटी सुटतात, साधारण तासाभराचा प्रवास, आणि कंपन्यांच्या तिकिटात बहुतेक वेळा मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, ते वीसेक किलोमीटर. या बोटी पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे जूनमध्ये गेटवेला जाऊन उभं राहू नका. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० साली सुरू झालेली, गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. वीकेंडला आधी बुकिंग केलेलं बरं. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड आणि मग अलिबाग, मुंबईहून शंभरेक किलोमीटर. वडखळला शनिवारी सकाळी काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, पहाटे निघा नाहीतर निघूच नका. पुण्याची मंडळी खोपोलीहून पेणला उतरतात. वडखळहून येताना पोयनाडजवळ चरी नावाचं गाव लागतं. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या विरोधात शेतीचा संप केला होता, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. सहा वर्षं जमीन कसायची नाही ही काय गंमत आहे का. गाडीतून दोन मिनिटांत गाव मागे पडतं म्हणून सांगून ठेवलं.

किल्ला. याचं नाव कुलाबा किल्ला, मुंबईच्या कुलाब्याशी गल्लत करू नका. रायगड जिल्ह्याचं नाव आधी कुलाबा जिल्हा होतं तेही यावरूनच. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधकामाला हात घातला आणि महाराज गेल्यावर संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले होते, आणि हात हलवत परत गेले. किनाऱ्यावर उभं राहून बघताना हे डोक्यात ठेवा, म्हणजे तो दगडांचा ढीग वाटणार नाही.

निघताना काय करायचं तर ओहोटीचा जो तळ असतो, म्हणजे पाणी सगळ्यात कमी, त्याच्या साधारण तासभर आधी किनाऱ्यावर हजर राहा. घोडागाडीवाले तिथेच असतात, त्यांना विचारा पाणी कुठवर आहे, त्यांची रोजीरोटीच त्यावर असल्याने ते चुकत नाहीत. (गाडीत बसायचं असेल तर जाऊन-येऊन किती ते आधीच ठरवा.) चालत गेलात तर वाळू कडक असते, मधे घोट्याभर, कधी गुडघ्यापर्यंत पाणी लागतं. अनवाणी जाऊ नका, किल्ल्याजवळच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, पाय कापला की सहल तिथेच संपली. चप्पल पण नको, ती ओल्या वाळूत रुतून बसते, मागे पट्टा असलेली फ्लोटर्स घाला. पाणी, टोपी सोबत घ्या. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट असतं.

आत शिरायच्या आधी तटाच्या दगडांकडे नीट बघा. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेत आणि मधे चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींमधून आत जिरतं, भिंतीला धक्का कमी बसतो. तीनशेहून जास्त वर्षं रोज दोन भरत्या खाऊन भिंत उभी आहे, आपल्याकडे सोसायटीचं कंपाउंड दोन पावसाळे टिकत नाही असो. दरवाजावर हत्ती, वाघ, मोर असं कोरीवकाम आहे, घाईत लोक खालून सेल्फी काढून पुढे जातात. आत सिद्धिविनायकाचं मंदिर, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, गणेश पंचायतन आहे म्हणजे गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. जवळच गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूला खारं पाणी आणि मधे गोडं, हे बघून पोरं एकदम गप्प होतात, मग त्यांना विचारा कसं काय. उत्तरेच्या बाजूला तटाजवळ चाकाच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, त्या आंग्र्यांच्या नव्हेत, इंग्रजी आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचं नाव वाचता येतं. उत्तरेलाच बाहेर सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला, मधे दगडांची वाट. तटावरून एक फेरी मारा, सगळं मिळून तास-सव्वा तास लागतो.

आणि आता महत्त्वाचं. परत कधी फिरायचं? ओहोटीचा तळ उलटून अर्धा-पाऊण तास झाला की निघायचंच, मंदिरात आरती सुरू असो की ग्रुप फोटो राहिलेला असो. भरती लागते तेव्हा पाणी समोरून लाट घेऊन येत नाही, ते गुपचूप बाजूच्या खोलगट भागांतून भरत येतं, आणि तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधे कधी जमा झालं ते कळतही नाही. तिसऱ्या खेपेला मी हेच केलं, तिथी बघून शहाण्यासारखा गेलो आणि तटावर बसून गप्पा मारत राहिलो. शेवटी कमरेएवढ्या पाण्यातून मोबाईल डोक्यावर धरून परत, वरून एका घोडागाडीवाल्याच्या शिव्या. अडकलातच तर पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा, भरतीच्या वेळी होड्या चालू असतात त्यांची वाट बघा. आणि पावसाळ्यात चालत जायचा विचार करूच नका, तेव्हा वरचा कुठलाही हिशोब चालत नाही.

किल्ला सकाळी झाला की दुपार गावात घालवा, आणि हे बहुतेक लोक करत नाहीत. छत्रीबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, १७२९ साली ते गेले. ज्या माणसाला इंग्रज समुद्री चाचा म्हणून हिणवायचे आणि ज्याच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, या किनाऱ्यावर जहाज हाकायची चोरी होती, त्याची समाधी बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि बीचवरच्या गर्दीतली दहा माणसं पण इथे नसतात. तिथून हिराकोट तलावाकडे या. तलावाकाठी काळ्या दगडांचा जो बुरुजबंद कोट दिसतो तो कान्होजींनीच १७२० मध्ये बांधला आणि आता तिथे तुरुंग आहे, त्यामुळे बाहेरूनच बघा, फोटोबिटोच्या भानगडीत पडू नका.

समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते. ही गोष्ट मला फार आवडते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईला कुलाब्याला व्हायच्या, पण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडणार हे उघड होतं, मग कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा इकडे अलिबागला आणली, १९०४ साली. इमारत अशा सामानाची की त्यात चुंबकाला ओढेल असं काही नाही, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन मग मुंबईचं काम थांबवलं, म्हणजे नोंदींची साखळी तुटू नये. आत मात्र कोणी सहज सोडत नाही, शाळेची सहल वगैरे असेल तर आधी पत्र देऊन परवानगी काढा, आपण सामान्य माणसांनी पाटी वाचून पुढे जायचं.

गावात इस्रायल आळी आहे. हो, इस्रायलच. बेने इस्रायली ज्यू लोकांची ही वस्ती, त्यांचं मागेन आबोथ हे प्रार्थनास्थळ अजून उभं आहे. त्यांच्यात सांगतात की पूर्वजांचं गलबत इथून जवळच नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेले लोक इथेच राहिले, तेल गाळायचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. घरात मराठी बोलणारे हे लोक, बहुतेक आता इस्रायलला गेले. अलिबाग हे नाव पण अली नावाच्या कोणा श्रीमंत माणसाच्या बागांवरून पडलं अशी दंतकथा आहे, अलीची बाग ते अलिबाग. आणि ते "अलिबाग से आया है क्या", म्हणजे बावळट आहेस का, असं तिथे चुकूनही म्हणू नका, या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं होतं. कोर्टाने ते मनावर घेतलं नाही ती गोष्ट वेगळी, पण वडापाववाला घेईल.

दुसरा दिवस दक्षिणेकडे. गाडी असेल तर उत्तम, नसेल तर रेवदंड्याकडे जाणाऱ्या एसट्या आणि सहा आसनी रिक्षा मिळतात. सहाएक किलोमीटरवर आक्षी. लोक सुरूच्या बनातून थेट बीचवर जातात, पण गावात एक शिलालेख आहे तो आधी बघा. वर सूर्यचंद्र कोरलेत आणि खाली लेख, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी तसं वाचन केलं आणि त्यामुळे मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख हा की श्रवणबेळगोळचा यावर चर्चा सुरू झाली, काही अभ्यासक याचा काळ बराच पुढचा मानतात. ते काहीही असो, शेकडो वर्षांपूर्वी आपल्यासारखंच मराठी कोणीतरी दगडावर लिहीत होतं आणि तो दगड आपल्या समोर आहे, यासाठी गाडीतून उतरायला हरकत नाही. हिवाळ्यात आक्षीच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे असतात, दुर्बीण असेल तर घ्या. पुढे नागाव, इथे वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय आहे, पोफळी-नारळाच्या सावलीत. मी तर म्हणेन मुक्काम इथेच करा, पण फोटो बघून भुलू नका. फोनवर विचारा की बीच किती चालत, जेवण कधी मिळणार आणि लाइट गेली तर काय. एकदा आम्हाला "सी फेसिंग" म्हणून दिलेल्या खोलीतून समोर फक्त पाण्याची टाकी दिसत होती.

नागावहून चौल. आता झाडीत झाकलेलं शांत गाव आहे पण दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचं बंदर, ग्रीक लोकांच्या लिखाणात याचं नाव सापडतं. रामेश्वराचं देऊळ आणि पुढची पुष्करणी बघा, देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत, पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची पद्धत. टेकडीवरचा दत्त भरपूर पायऱ्यांचा आहे, उन्हाच्या आधी चढा, वरून बागा आणि समुद्र असा देखावा की पाय दुखलेले विसरायला होतं. दत्तजयंतीला पाच दिवस मोठी जत्रा भरते, गर्दी आवडत असेल तरच तेव्हा या.

मग रेवदंडा, अलिबागहून सतराएक किलोमीटर. इथे किल्ला शोधत बसू नका, तुम्ही किल्ल्यातच आहात, रस्ताच तट फोडून आत शिरतो आणि नारळाच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष विखुरलेत. सातखणी म्हणतात तो उंच मनोरा नक्की बघा, आता सात मजले उरलेले नाहीत पण झाडांच्या वर डोकं काढून उभा आहे. गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे, पंधराव्या शतकात तो घोडा विकायला म्हणून चौलला उतरला होता, वास्को द गामा यायच्या तीसेक वर्षं आधी. शाळा भरलेली असेल तर आधी विचारूनच आत जा.

कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. दीपगृहाच्या बाजूने किल्ल्यावर चढता येतं, वर वारा इतका की टोपी धरून ठेवा, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी. खालच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात, ते तिला नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जगात दुसरीकडे कुठे ती बोलत नाहीत. त्यांना चिडियाघरासारखं "बोलून दाखवा ना" करू नका, दुकानात चहा घ्या, कान उघडे ठेवा, पडेल कानावर. इथून पुढे काशीद, मुरूड, जंजिरा करायचा मोह होतो. करू नका. जंजिऱ्याला स्वतःचा एक पूर्ण दिवस लागतो, दोन दिवसांत सगळं कोंबलं की फक्त गाडीची सीट आठवते.

उत्तरेकडचं थोडक्यात. थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी उंदेरी दिसतात. खांदेरी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधला, तर सिद्दीने लगेच शेजारी उंदेरी बांधला. खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आला. तिथे जायला थळहून होडी ठरवावी लागते, समुद्र शांत असेल तरच, आणि त्यासाठी अर्धा दिवस बाजूला ठेवा. किहीम निवांत बसायला, सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला तो इथेच.

पोहायचं असेल तर ओहोटी लागल्यावर पाण्यात जाऊ नका, पाणी आत ओढतं. लाइफगार्ड शिट्टी मारतो तेव्हा तो तुमच्या मजेचा दुश्मन नसतो. आणि गाडी वाळूवर घालू नका हो. दर सीझनला कोणीतरी रील बनवायला एसयूव्ही पाण्याजवळ नेतो, चाकं रुततात, भरती येते, मग सगळं गाव दोर लावून ओढतं आणि रील बनतं ते त्याच गाडीचं.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीच्या आसपास गेलात तर होमस्टेवाल्यांना आधी सांगून पोपटी करायला लावा. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन मडक्यात भरायचं, भांबुर्डीचा पाला खाली वर कोंबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा, पाणी एक थेंब नाही. भांबुर्डीचा तो वास दुसऱ्या दिवशी पण स्वेटरला येतो. मासे खाणाऱ्यांनी जिताडा विचारून बघा, रोज मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर भाव आधी विचारा.

फेब्रुवारीनंतर परतताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील, विशेषतः कार्ले-खंडाळे भागात. भात निघाल्यावर त्याच शेतात हा कांदा करतात, गोडसर असतो, नुसता भाकरीबरोबर जातो, जीआय मानांकन पण मिळालंय. माळेतला कांदा दाबून बघा, मान सुकलेली आणि घट्ट असली तरच घ्या, ओला असेल तर घरी पोचेपर्यंत गाडीला वास आणि आठ दिवसात सड. बोटीने जाणार असाल तर माळ खांद्यावर टाका, पिशवीत कोंबू नका, आणि मांडव्याच्या बससाठी बोटीच्या वेळेच्या बराच आधी स्टँडवर या, रविवारी संध्याकाळी तिथे अख्खी मुंबई आपली माळ घेऊन उभी असते.